थंड समुद्राकाठची, ओकच्या पिंपातली शार्दोने

मराठवाड्याला समुद्र नाही. आपला समुद्र म्हणजे दिवाळीच्या सुट्टीतलं गणपतीपुळे नाहीतर अलिबाग, आणि तिथली आठवण म्हणजे पाठीला चिकटलेला शर्ट. त्यामुळे ‘थंड किनारपट्टीवरची शार्दोने’ असं कुठे वाचलं की आपलं डोकं तिथेच अडतं. किनारपट्टी, आणि थंड? ही पांढरी वाइन समजून घ्यायची तर हे कोडं आधी सुटायला हवं. पेल्यातली निम्मी चव त्या थंडीतूनच आलेली असते.

कोकणासमोरचा अरबी समुद्र मे महिन्यात २८ ते ३० अंश सेल्सिअस असतो. उत्तर कॅलिफोर्नियासमोरचा प्रशांत महासागर ऐन उन्हाळ्यातही साधारण १० ते १४ अंशांवर राहतो. हौसेने पाण्यात उतरलेला माणूस कुडकुडत बाहेर येतो. एक तर उत्तरेकडून थंड पाण्याचा प्रवाह किनाऱ्यालगत खाली येतो. शिवाय वायव्येचे वारे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. या पाण्यावरून दमट हवा गेली की तिचं धुकं होतं. डोंगरापलीकडच्या आतल्या खोऱ्यात मात्र त्याच दिवशी पारा ३८-४० वर असतो, म्हणजे थेट आपली परभणी. तिथली तापलेली हवा वर उठते आणि ती जागा भरायला समुद्रावरची गार हवा धुक्यासकट डोंगरांच्या फटींतून आत ओढली जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सोनोमा परगण्यात अशी एक मोठी फट आहे, पेटालुमा गॅप. तिथला वारा इतका नेमाचा की त्याच्याच जोरावर त्या पट्ट्याला २०१७ मध्ये स्वतंत्र द्राक्षप्रदेश म्हणून मान्यता मिळाली.

सोनोमा कोस्ट हा त्याहून मोठा प्रदेश १९८७ पासून कागदावर आहे. पण तो इतका ऐसपैस आखला गेला की समुद्रापासून बऱ्याच आतल्या बागाही त्यात आल्या. मग ऐन किनाऱ्यावरच्या डोंगररांगांतल्या बागायतदारांनी वेगळी ओळख मागितली. फोर्ट रॉस-सीव्ह्यू २०१२ मध्ये मान्य झाला, वेस्ट सोनोमा कोस्ट २०२२ मध्ये. लेबलवर नुसतं ‘सोनोमा कोस्ट’ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये, ते एवढ्यासाठी. चिलीतलं कासाब्लांका खोरं हंबोल्ट या थंड सागरी प्रवाहामुळे असंच गार राहतं. तिथे द्राक्ष गेलं ते १९८० च्या दशकात. दक्षिण आफ्रिकेचा वॉकर बे आणि ऑस्ट्रेलियातला मॉर्निंग्टन द्वीपकल्पही याच पंगतीतले. मी मात्र कॅलिफोर्नियाचंच उदाहरण धरून बोलणार आहे, कारण आपल्याकडे अशी बाटली येते ती बहुतेक तिकडे नोकरी करणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून. विमानाने येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. म्हणजे नेहमीच्या आकाराच्या दोन बाटल्या आरामात.

माझे दाजी कडवंचीच्या बाजूचे द्राक्षबागायतदार. जालना जिल्ह्यातलं कडवंची पाणलोटाच्या कामामुळे, शेततळ्यांमुळे आणि द्राक्षांमुळे राज्यभर माहीत आहे. त्यांना ही धुक्याची गोष्ट सांगितली तर त्यांचा पहिला सवाल, “मग डावणीचं काय?” डावणी म्हणजे ओलाव्यात द्राक्षावर येणारी बुरशी. बागायतदाराला धुक्यात निसर्ग दिसत नाही, फवारणी दिसते. कॅलिफोर्नियात उन्हाळाभर पाऊस जवळजवळ नसतोच, त्यामुळे डावणीचा त्रास फारसा नाही. भुरी ही दुसरी बुरशी मात्र आहे, आणि गारठ्याने घडकुजीची धास्तीही असते. दुसरा सवाल जास्त मोलाचा होता. “एवढ्या गारठ्यात साखर कधी भरायची?”

उशिराच भरते. आणि सगळी गंमत त्या उशिरातच आहे.

द्राक्षाच्या मण्यात दोन मुख्य आम्लं असतात. एक टार्टारिक, आपल्या चिंचेत असतं तेच. दुसरं मॅलिक, हिरव्या सफरचंदातलं. मण्यात पाणी उतरलं की साखर वाढू लागते आणि मॅलिक आम्ल कमी होऊ लागतं, कारण वेल ते श्वसनासाठी इंधन म्हणून वापरते. हवा जितकी गरम तितकं ते झपाट्याने संपतं. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतरचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतो, नेमका ऊन चढायच्या वेळेला. खायच्या थॉमसनला त्याने काही बिघडत नाही, उलट गोडीच हवी असते. ब्रिक्समीटरवर, म्हणजे रसातल्या साखरेची टक्केवारी मोजणाऱ्या यंत्रावर, १८ दिसलं की व्यापारी खूश. वाइनसाठी शार्दोने मात्र २२ ते २४ ब्रिक्सला तोडतात, कारण त्या साखरेचंच पुढे अल्कोहोल होतं. एका ब्रिक्समागे अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त धरलं तर २३ ब्रिक्सच्या रसातून १३ टक्क्यांच्या आसपासची वाइन निघते. उष्ण प्रदेशात तिथवर पोचेपर्यंत आंबटपणा उतरलेला असतो, मग वाइनरीत वरून टार्टारिक आम्ल घालावं लागतं. थंड किनाऱ्यावर सप्टेंबर उजाडला तरी मणी निवांत पिकत असतात. साखर पुरी भरते आणि आंबटपणाही शाबूत राहतो.

हा आंबटपणा लक्षात ठेवा. ओकच्या लाकडाचा सगळा भार पुढे त्यालाच पेलायचा आहे.

आता शार्दोनेबद्दल. फ्रान्सच्या बर्गंडी भागातलं हे द्राक्ष. १९९९ मध्ये डीएनए तपासणीतून त्याचे आईबाप कळले. एक खानदानी पिनो आणि दुसरं गुए ब्लाँ, ज्याला हलकं समजून युरोपात अनेकदा लागवडबंदी झाली होती. शार्दोनेचे घड लहान, मणी लहान. आपल्याकडे थॉमसनचा मणी फुगवायला घड जिब्रेलिक या वाढीच्या संजीवकात बुडवतात, वाइनच्या द्राक्षाला त्याची गरज नाही. मणी लहान राहिला तर रसाच्या मानाने साल जास्त, आणि चव सालीजवळ असते.

या द्राक्षाला स्वतःचा असा ठसठशीत वास फारसा नाही. मस्कत द्राक्ष तोंडात टाकलं की वासानेच ओळखू येतं, शार्दोने तसं ओळखू येत नाही. थंडीत पिकलं तर लिंबू, हिरवं सफरचंद, फार तर पिअर. उन्हात पिकलं तर अननस आणि आंबा. बाकी मग वाइन करणाऱ्याने तळघरात जे केलं असेल ते स्पष्ट दिसतं. म्हणूनच जगभरच्या वाइनवाल्यांना हे द्राक्ष आवडतं. त्यांची करामत झाकली जात नाही. उणीवही झाकली जात नाही म्हणा.

रसाची वाइन झाली की दुसरा एक बदल घडतो, बऱ्याचदा मुद्दाम घडवला जातो. एका जातीचे जिवाणू सफरचंदातलं ते धारदार मॅलिक आम्ल खातात आणि त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. लॅक्टिक म्हणजे दह्या-ताकातलं आम्ल. आंबटपणाची धार बोथट होते. हे करताना ते जिवाणू डायअॅसिटिल नावाचा पदार्थ सोडतात, आणि विरजणाच्या लोण्याला जो वास असतो तो मुख्यतः याच डायअॅसिटिलचा. त्यामुळे शार्दोनेला ‘बटरी’ म्हणतात तेव्हा ती अलंकारिक भाषा नसते. पदार्थ तोच, फक्त भांडं वेगळं. ज्या घरात अजून साय साठवून विरजण लावतात आणि ताक घुसळतात, तिथल्या माणसाचं नाक या बाबतीत अमूल बटरवर वाढलेल्या नाकापेक्षा तयार असतं.

मग गाळ. आंबवण झाल्यावर मेलेलं यीस्ट तळाशी बसतं. साधी वाइन करताना ते लगेच काढून टाकतात. इथे ते महिनोन्महिने तसंच ठेवतात आणि अधूनमधून दांड्याने ढवळतात. यीस्टच्या पेशी हळूहळू फुटतात, त्यातून वाइनला जाडी येते, जिभेवर सायीसारखी पसरते, आणि ताज्या पावाचा, भाजलेल्या पिठाचा वास येतो. कधीकधी नुकत्याच ओढलेल्या काडीचा, गंधकाचा वासही असतो. काही लोक त्यावर जीव टाकतात. मला तो चिमूटभर असला तर चालतो; जास्त झाला की देवघरात बसल्यासारखं वाटतं.

आणि आता ओक. यावर जरा रेंगाळतो, कारण गैरसमज सगळे इथेच आहेत.

ओकचं लाकूड दोन मुख्य घराण्यांतलं, युरोपी आणि अमेरिकी. शार्दोनेसाठी बहुतेक फ्रेंच ओक वापरतात. फ्रान्समधलं ट्राँसे हे त्यासाठी नावाजलेलं जंगल. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने सतराव्या शतकात ते राखलं, आरमाराच्या जहाजांना लाकूड मिळावं म्हणून. जहाजं गेली, पिंपं राहिली. दीडशे-दोनशे वर्षांचं झाड तोडायचं, त्याचे ओंडके करवतीने न कापता रेषेत फोडायचे, नाहीतर पिंप गळतं. फळ्या उघड्यावर रचून दोन ते तीन वर्षं ऊन-पावसात ठेवायच्या, म्हणजे लाकडाचा कडवटपणा निघून जातो. मग कारागीर त्या फळ्या विस्तवावर शेकत वाकवतो, लोखंडी कड्यांत बसवतो आणि पिंप आतून भाजतो. हलकं भाजायचं, मध्यम की गडद, हे वाइनरी सांगते.

भाजताना लाकडात काय होतं ते बघा. लाकडाला ताठ ठेवणारं जे लिग्निन असतं ते तुटून व्हॅनिलिन तयार होतं, आइस्क्रीममधलं व्हॅनिला ते हेच. लाकडातल्या साखरा करपून त्यांना भाजलेल्या बदामाचा, कॅरॅमलचा वास येतो. ग्वायाकॉल तयार होतं, ते चुलीच्या धुरातही असतं. युजेनॉल लाकडात मुळातच असतं, म्हणजे लवंगेतलं तेल. आणि ओकमधली लॅक्टोन द्रव्यं खोबऱ्यासारखा वास देतात. ही अमेरिकी ओकमध्ये बरीच जास्त असतात. म्हणून अमेरिकी पिंपातली वाइन खोबरं आणि व्हॅनिला ओरडून सांगते आणि फ्रेंच पिंपातली हळू बोलते.

नेहमीचं पिंप बोर्दोत २२५ लिटरचं, बर्गंडीत २२८ लिटरचं. त्यातून साधारण ३०० बाटल्या निघतात. नव्या फ्रेंच पिंपाची किंमत हजार डॉलरच्या घरात जाते, म्हणजे बाटलीमागे तीन डॉलरहून जास्त नुसत्या लाकडाचे. नवं पिंप वास भरपूर देतं, दुसऱ्या वर्षी कमी, तीन-चार वापरांनंतर जवळजवळ नाहीच. नव्या माठातल्या पाण्याला मातीचा वास येतो आणि जुन्या माठातलं पाणी नुसतंच गार लागतं, तसंच हे. जुनं पिंप मग काय करतं? लाकडाच्या रंध्रांतून फार थोडी हवा आत येऊ देतं. त्या हवेने वाइन गोलसर होते. म्हणून चांगली वाइनरी सगळी पिंपं नवी घेत नाही, काही नवी आणि काही जुनी मिसळते. लेबलवर किंवा वाइनरीच्या माहितीत ‘२० टक्के नवं ओक’ असं लिहिलेलं असतं ते याबद्दल.

एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. रस पिंपातच आंबवला तर वाइनला लाकडाचा वास कमी लागतो. पोलादी टाकीत आंबवून मग तयार वाइन पिंपात ओतली तर जास्त. कारण जिवंत यीस्ट व्हॅनिलिनचं रूपांतर जवळजवळ बिनवासाच्या पदार्थात करतं, आणि गाळ लाकडाचा रंग आणि तुरटपणा ओढून घेतो. लेबलवर ‘बॅरल फर्मेंटेड’ दिसलं की लाकूड जास्त असेल असं समजू नका. बहुधा ते जास्त मुरलेलं असेल. स्वस्त वाइनमध्ये पिंपाऐवजी टाकीत ओकचे तुकडे टाकतात. त्यात बेकायदा काही नाही, पण तो वास वाइनमध्ये मुरत नाही, वर तरंगत राहतो.

कॅलिफोर्नियात ही पद्धत रुजवणाऱ्यांत सोनोमामधली हॅन्झेल वाइनरी आघाडीवर होती. १९५० च्या दशकात तिने बर्गंडीच्या धर्तीवर फ्रेंच पिंपं वापरायला घेतली. पुढे २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी लेबलं झाकून चव घेतली आणि पांढऱ्या वाइनमध्ये शातो माँतेलेना या कॅलिफोर्नियाच्या वाइनरीची १९७३ ची शार्दोने पहिली आली. बर्गंडीच्या नामवंत बाटल्या मागे पडल्या. मग काय, सगळ्या कॅलिफोर्नियाने शार्दोने लावली. १९८० आणि ९० च्या दशकांत लोणी, व्हॅनिला आणि गोडसर झाक यांची इतकी लयलूट झाली की ग्राहकच कंटाळले. ‘शार्दोने सोडून काहीही द्या’ हे अमेरिकेत चक्क घोषवाक्य झालं. त्यानंतर बरेच वाइनवाले थंड किनाऱ्याकडे सरकले, लाकूड कमी केलं आणि आंबटपणाला पुन्हा मान दिला. आज ‘थंड किनारपट्टी’ हे शब्द लेबलवर मिरवतात त्यामागे हा इतिहास आहे.

माझं मत विचाराल तर अजूनही निम्म्याहून अधिक बाटल्यांत लाकूड गरजेपेक्षा जास्त असतं. पैसे घालून आणलेलं पिंप ग्राहकाला दिसावं, असं विकणाऱ्याला वाटणारच.

आता चाखणं. पहिली अडचण आपल्या हवेची. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘फ्रिजमधून काढून अर्धा तास ठेवा’. ते युरोपातल्या खोलीसाठी. आपल्याकडे एप्रिलमध्ये अर्ध्या तासात ती कोमट होईल. फ्रिजमध्ये वाइन ४-५ अंशांवर असते, तेवढ्या गारव्यात वास मिटून जातात आणि नुसता आंबटपणा टोचतो. २५ अंशांच्या वर गेली की अल्कोहोल नाकात चढतं आणि लाकूड कडवट लागतं. ओकवाल्या शार्दोनेला १० ते १३ अंश बरे. उन्हाळ्यात बाटली काढून दहा मिनिटं ठेवा, ओता, आणि बाटली पुन्हा फ्रिजच्या दारात ठेवा. पेला तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद असा हवा आणि तिसरा हिस्साच भरायचा. दांडीला धरा, हाताची ऊब लागू देऊ नका. बर्फ घालू नका, एवढं ऐका.

भाच्याने आणलेली सोनोमा कोस्टची बाटली आम्ही छत्रपती संभाजीनगरला घरी उघडली तेव्हा सुरुवात साधीच झाली. रंग फिकट, पिवळसर, कडेला किंचित हिरवट झाक. नव्या ओकमध्ये जास्त राहिलेली किंवा वयाने मोठी वाइन सोनेरी होत जाते, ही तशी नव्हती. पेला न हलवता पहिला वास घेतला तर लिंबाची साल. फोडलेलं लिंबू नव्हे, नखाने खरवडलेली साल, तिचं ते तेल. मग पेला फिरवला, म्हणजे वाइन काचेवर पसरते आणि वास उठतो. सफरचंद आलं, मागोमाग काहीतरी भाजलेलं. दाजी म्हणाले, “हुरड्याच्या आगटीसारखं काहीतरी.” ग्वायाकॉलला आगटी म्हणणं मला तरी पटलं.

ताई वाइन पीत नाही, पण घरात नाक तिचंच पक्कं. पेला हातात घेतला, हुंगला आणि म्हणाली, “लोणी. पण आजचं नाही, दोन दिवसांचं.” पाच-दहा मिनिटांनी वाइन थोडी तापल्यावर तिलाच पुन्हा दिला. या वेळी लवंग म्हणाली. भाचा फोनमध्ये वाइनरीचं वर्णन शोधत होता, त्यात ‘मसाल्याचा हलका स्पर्श’ असं होतं. मसाला म्हणजे कोणता ते त्यांनी सांगितलं नव्हतं, ताईने सांगितलं.

वास घेताना स्वतःला एवढंच विचारायचं, हा वास द्राक्षाचा, तळघराचा की लाकडाचा? लिंबू, सफरचंद, पिअर, आंबा हे द्राक्षाचे. लोणी, पाव, काडेपेटी तळघरातले. व्हॅनिला, लवंग, खोबरं, धूर लाकडाचे. काही वास दोन्हीकडचे असतात आणि तज्ज्ञही त्यावर वाद घालतात, त्यामुळे चुकलात तरी कुणी शाळेतून काढणार नाही. घरी सराव करायचा तर एका वाटीत लवंग, एकीत सुकं खोबरं, एकीत ताजं लोणी, एकीत लिंबाची साल घ्या आणि डोळे मिटून हुंगा. खर्च शून्य.

मग घोट. थोडी वाइन तोंडात घ्या, लगेच गिळू नका, जिभेच्या सगळ्या बाजूंना लागू द्या. पहिल्यांदा गोडी वाटेल. बहुतेक वेळा ती साखरेची नसते. व्हॅनिलाच्या वासाला आपण गोड पदार्थांशी जोडलेलं असतं, त्यामुळे मेंदू फसतो. अल्कोहोलही थोडं गोडसर लागतं. खरी साखर ओठांवर चिकटपणा ठेवते, ही ठेवत नाही. त्यानंतर जबड्याच्या दोन्ही बाजूंनी लाळ सुटते का बघा. चिंच नुसती आठवली तरी सुटते तशी. तोच आंबटपणा. तो भरपूर असेल तर लोणी आणि व्हॅनिला कितीही असोत, घोट जड होत नाही आणि दुसरा घ्यावासा वाटतो. तो नसेल तर पहिला घोट मस्त लागतो आणि अर्ध्या पेल्यावर कंटाळा येतो. शेवटी गिळल्यावर काय उरतं? चांगल्या वाइनमध्ये फळ आणि आंबटपणा बराच वेळ रेंगाळतो, लाकूड त्यामागे असतं. नुसता लाकडाचा तुरटपणा आणि व्हॅनिला मागे राहिला, फळ कधीच निघून गेलेलं, तर त्या बाटलीचे पैसे पिंपात गेले असं समजावं.

ही बाटली पहिल्या प्रकारची होती. दाजींचा निवाडा मात्र बागायतदाराचा. “माल वेळेवर तोडलाय.”

तळाशी किंवा बुचाला काचेसारखे बारीक खडे दिसले तर घाबरू नका. थंडीत टार्टारिक आम्लाचे क्षार असे जमतात, त्यांचा काही अपाय नाही. ओल्या पोत्याचा, भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र बूच बिघडलेलं आहे आणि ती वाइन सुधारणार नाही. आपल्या भागातली खरी तक्रार वेगळीच आहे, ती म्हणजे उन्हाची. दुकानात एसी नाही, बाटली वरच्या फळीवर उभी, शटरवर दुपारचं ऊन. मार्च ते जून तशी राहिलेली शार्दोने बाटलीतच शिजते. बूच थोडं वर आलेलं, गळ्याशी चिकट ओघळ, रंग तपकिरीकडे झुकलेला आणि वास कापून ठेवलेल्या काळवंडलेल्या सफरचंदाचा. मी स्वतः अशी बाटली उघडून बेसिनमध्ये ओतली आहे. तेव्हापासून घ्यायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घेतो, आणि गिऱ्हाईक जास्त असलेल्या दुकानातून, म्हणजे माल पडून राहत नाही.

जेवणाचं काय? इथे स्पष्ट बोलतो. आपलं रोजचं जेवण या वाइनचं वैरी आहे. काळा मसाला, येसर, ठेचा, झणझणीत नान खलिया, यांतलं काहीही तिच्यासोबत नको. तिखटाने अल्कोहोलची जळजळ वाढते आणि लाकूड कडू लागतं. तिला लागतं ते थोडं खारट, थोडं स्निग्ध, भाजलेलं आणि कमी तिखट. निखाऱ्यावर भाजलेलं मक्याचं कणीस, त्यावर लोणी आणि मीठ, हा मला सापडलेला सगळ्यात चांगला जोड. मक्याची गोडी, लोणी, धूर, तिन्ही पेल्यातही आहेत. जायकवाडीचा मासा नुसतं मीठ, हळद आणि लिंबू लावून तव्यावर परतलेला चालतो. मलई पनीर, साधं रोस्ट चिकन चालतं. हुरडाही चालतो, फक्त शेजारची लसणाची चटणी बाजूला ठेवून, आणि ते किती जणांना जमेल याची शंकाच आहे.

परदेशी बाटली परवडत नसेल, आणि कर धरून ती आपल्याकडे महागच पडते, तर अकलूजच्या बाजूला फ्रतेल्लीने शार्दोने लावलेली आहे आणि ती राज्यात मिळते. तिच्यात धुकं शोधू नका. सोलापूरच्या उन्हातलं द्राक्ष आहे, फळ जास्त पिकलेलं लागणार. शिकायला मात्र हीच युक्ती चांगली, एक बाटली बिनओकची, एक ओकची, दोन्ही एकाच संध्याकाळी शेजारी शेजारी. चार-पाच जणांनी मिळून घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला छोटा पेलाच येतो आणि तेवढा पुरतो. १३ टक्के अल्कोहोल म्हणजे साध्या, स्ट्राँग नसलेल्या बिअरच्या दुपटीहून जास्त, तेव्हा गाडीची किल्ली आधीच दुसऱ्याकडे द्या. उरलेली वाइन बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली तर तीन-चार दिवस टिकते. ओकवाली बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी जास्त मोकळी लागते, म्हणून पहिल्या रात्री संपवायची घाई नको.